म्हातारं लई बोलतं

गेल्या वर्षीच्या, म्हणजे 2024 च्या चैत्रातली गोष्ट. यात्रेची रात्र होती. शाळेच्या एका वर्गात रंगपेटी उघडून बसलेल्या रंगभूषावाल्यानं माझं तोंड बल्बकडं फिरवलं, कानावरचे केस बोटानं उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाला, "काका, तुम्हाला सफेदा लागत न्हाई. तसंच ऱ्हावा."

बाकीची पोरं हसली. मीबी हसलो. पण आतून जरा चमक निघाली.

1983 साली ह्याच वर्गात, ह्याच नाटकासाठी, आमच्या गावच्या शिंप्याच्या डोक्याला अर्धी डबी सफेदा चोपडला होता. शिंपी तेव्हा चाळिशीतला. त्याला म्हातारा करायचा होता. मी तेवीस वर्षांचा होतो आणि नाटकात त्याचा मुलगा झालो होतो. आज शिंपी नाही, नाटक बसवणारे गुरुजी नाहीत. एकेचाळीस वर्षांनी तेच नाटक परत बसलं आणि बापाचा पार्ट माझ्याकडं आला. नाटक 'नटसम्राट'.

आमचा कृष्णाकाठ नाटकवेडा. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तिथनं मराठी नाटक सुरू झालं, असं आम्ही शाळेत शिकलो. नदीच्या काठाकाठानं गेलं की नागठाणं लागतं, ते बालगंधर्वांचं गाव. आमच्यातल्या कुणाला गाणं येत नव्हतं आणि अभिनय म्हणजे मोठ्यानं बोलणं एवढंच कळत होतं. तरी यात्रेला गावातल्या पोरांचं नाटक पाहिजेच. दरवर्षी ठरलेलं असायचं. एक दुष्ट पाटील, एक गरीब शेतकरी, त्याची बहीण, एक दरोडेखोर आणि शेवटी मारामारी. 83 साली गुरुजी म्हणाले, या वर्षी 'नटसम्राट' करायचं. पोरांनी पहिला प्रश्न विचारला, "ह्यात मारामारी कुठाय?"

गुरुजी म्हणाले, "हाय की. पर ती आत हाय."

मी दहावीपर्यंत शिकलेला, अक्षर बरं. त्यामुळं सगळ्यांच्या नकला लिहून काढायचं काम माझ्याकडं होतं. पुस्तकातनं ज्याचा त्याचा पार्ट वेगळ्या वहीत उतरवायचा. दिवसा उसाला पाणी, रात्री कंदिलाजवळ नकला. म्हाताऱ्याची नक्कल दोनशे पानी वहीत मावली, पण माझ्या, म्हणजे मुलाच्या नकलेला चार कागद पुरले. मला त्याचा राग आला होता.

पडदे मिरजेहून भाड्यानं आणले. राजवाडा, रस्ता आणि जंगल, एवढे तीनच. त्यामुळं मुंबईत राहणाऱ्या मुलाचं घर आम्ही राजवाड्यात दाखवलं. बायकांच्या पार्टांसाठी कोल्हापूरहून दोन नट्या आणल्या होत्या, त्या दुपारच्या एसटीनं आल्या आणि त्यांना बघायला स्टँडवर निम्मं गाव गेलं. रात्री दहाला नारळ फुटला. शिंपी रंगात आला. बायको मेल्यावर म्हातारा एकटा बोलत बसतो तिथं बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. एवढ्यात माईकवर गावच्या चेअरमनांनी पुकारलं, "म्हाताऱ्याच्या कामावर खूश होऊन सोसायटीकडनं एक्कावन्न रुपये!" शिंपी रडतारडता उठला, वाकून नमस्कार केला, पैसे घेतले आणि परत बायकोच्या उशाला बसून रडायला लागला. कुणाला काही वाटलं नाही. आमच्याकडं नाटक असंच चालतं.

आमचे तात्या पहिल्या रांगेत पोतं टाकून बसले होते. तीन वाजेपर्यंत हलले नाहीत. मी तोंडाचा रंग खोबरेल तेलानं पुसून आलो. दोघं अंधारातनं घरी निघालो. मला वाटलं, माझ्या कामाबद्दल काहीतरी बोलतील. बऱ्याच वेळानं तात्या म्हणाले, "नाटक चांगलं झालं. पर ते म्हातारं लई बोलतं गा."

मी गुरुजींना दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते पोट धरून हसले. पुढं कितीतरी वर्षं गावात हा विनोद चालला.

ज्यांनी नाटक बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक. पहिला प्रयोग 23 डिसेंबर 1970 ला मुंबईत झाला आणि घशाचे डॉक्टर असलेले श्रीराम लागू त्यात अप्पा बेलवलकर झाले. अप्पा मोठा नट. नाटकातनं निवृत्त होतो आणि आपली सगळी कमाई मुलाला आणि मुलीला वाटून मोकळा होतो. मग म्हातारा-म्हातारी आधी मुलाकडं राहतात, तिथं नकोसे होतात, तिथनं मुलीकडं जातात. तिथं मुलगीच बापावर पैशाच्या चोरीचा आळ घेते. दोघं घर सोडतात. म्हातारी मरते आणि एवढा मोठा नट रस्त्यावर, बूटपॉलिश करणाऱ्या पोराच्या आसऱ्याला येतो.

2016 साली ह्यावर सिनेमा आला, नाना पाटेकरचा. मुलानं आम्हाला पुण्याला नेऊन दाखवला. थिएटरात सगळी रडत होती. माझा मुलगा रडला, सून रडली. शेजारच्या खुर्चीवरचा एक गृहस्थ तर हुंदके देत होता. बाहेर आल्यावर तोच गृहस्थ बायकोला म्हणाला, "बघ, आपलंही उद्या असंच होणार आहे." मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्याचेही आईबाप असतील, कुठंतरी गावाकडं. तो अप्पासाठी रडत होता आणि स्वतःला अप्पा समजत होता. मला त्याला हसायचा अधिकार नव्हता. मीही तेच करत होतो. त्या नाटकात मुलाचं काम केलेला मी, पण रडताना मात्र बापाच्या जागी जाऊन बसलो होतो. हे नाटक बघून आजवर लाखो माणसं रडली असतील. त्यातल्या किती जणांनी स्वतःला मुलाच्या नाहीतर मुलीच्या जागी ठेवलं असंल?

आता माझं सांगतो.

आम्ही दोघं भावंडं. थोरली आक्का आणि मी. तात्यांनी साडेतीन एकराचा सगळा कारभार 1989 साली माझ्याकडं दिला. सातबाऱ्याला माझं नाव लावलं, आक्कानं सही दिली, तिला एक लुगडं मिळालं. त्या वेळी हे सगळीकडं असंच चालायचं, कुणी वाकडं बोलत नव्हतं. तात्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. त्या दिवसापासनं त्यांना तंबाखूला पैसे लागले की ते माझ्या आजूबाजूला घुटमळायचे. मागायचे नाहीत. मी ओळखून द्यायचो, आणि कधी कधी ओळखूनही द्यायचो नाही.

आक्काच्या घरी त्या काळात ओढाताण होती. दाजी दारूत बुडालेले. तात्यांना कुठनं चार पैसे मिळाले की ते लपवून लेकीला देतात, हे मला माहीत होतं. शेळीचं करडू विकलं, त्यातले शंभर रुपये आक्काकडं गेले होते. मी त्यावरनं एकदा घरात आदळआपट केली होती.

1992 चा आषाढ. आडसाली लागणीची घाई होती. मी खतासाठी दीड हजार रुपये ट्रंकेत ठेवले होते. बाईमाणसाला रोजाला वीस रुपये मिळायचे त्या वेळची ही गोष्ट आहे. खत आणायला जायच्या दिवशी सकाळी ट्रंक उघडली तर पैसे नाहीत. सगळी ट्रंक उपसली. घर उपसलं. आणि मग अंगणात गेलो.

तात्या वैरण तोडत होते. अंगणात दोन गडी होते, शेजारचा म्हातारा होता, माझी बायको होती. मी सगळ्यांच्या देखत विचारलं, "तात्या, ट्रंकेतलं पैसं तुम्ही घेतलं?"

तात्यांनी विळा थांबवला. "न्हाई."

"मग आक्काकडं कोण गेलं हुतं परवा?"

एवढंच वाक्य. आज ह्या वाक्याला बत्तीस वर्षं होऊन गेली. ते मला पाठ आहे. कुठल्या नकलेतनं पाठ करावं लागलं नाही.

तात्या उठले. कमरेची चंची काढली. ती पायरीवर उलटी केली. तंबाखू, चुन्याची डबी, सुपारीचं खांड आणि दोन-तीन नाणी पडली. मग मुंडाशाचा पदर सोडून झटकला. मग बंडीचे दोन्ही खिसे बाहेर काढले. ते खिसे तसेच बाहेर लोंबत होते. तोंडातनं एक शब्द काढला नाही. घोंगडं खांद्यावर टाकलं आणि मळ्यातल्या खोपीकडं चालायला लागले. चंची तशीच पायरीवर पडलेली. नंतर बायकोनं ती भरून त्यांना नेऊन दिली.

मला वाटलं, दोन दिवसांत राग जाईल. तात्या आले नाहीत. मी दोन-चारदा म्हटलं, "घरी चला." ते म्हणायचे, "हितं राखण हुती." भाकरी रोज जायची. ही बातमी आक्काच्या गावाला पोचायला किती वेळ लागणार? त्या वर्षी ती राखीला आली नाही.

पैसे नव्हते म्हणून खत उशिरा घ्यायचं ठरलं. त्याच ऑगस्टात सरकारनं स्फुरद-पालाशच्या खतांवरचं नियंत्रण उठवलं आणि पोत्याचे भाव चढले. मी मनात तात्यांवर आणखी जळलो. सरकारनं केलेली भाववाढसुद्धा मी बापाच्या नावावर मांडली.

भाद्रपदात म्हाळाच्या आधी बायको घर झाडत होती. आढ्याला एक प्लास्टिकची पिशवी खोचलेली होती, रेशनकार्डाची. तिनं ती खाली काढली. रेशनकार्डाच्या आत कागदात गुंडाळलेल्या नोटा होत्या. पंधराशे. बघितल्याबरोबर मला सगळं आठवलं. आषाढात एका रात्री ट्रंकेवरचं कौल गळायला लागलं होतं. मी झोपेतनं उठून ट्रंक सरकवली, पैसे भिजतील म्हणून काढले आणि जी कोरडी पिशवी हाताला लागली तीत घालून वर खोचले. सकाळी डोक्यातनं साफ गेलं.

बायको माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हटलं, "कुणाला बोलू नगंस."

दुसऱ्या दिवशी म्हाळ होता. मेलेल्या आज्जाच्या नावानं पान वाढलं, कावळ्याला हाका मारल्या. जिवंत बापाचं ताट बायको मळ्यात घेऊन गेली.

संध्याकाळी मी खोपीवर गेलो. मनात होतं, आज सांगून टाकावं. तात्या खाटेवर बसले होते. अंगात धुतलेली बंडी होती. खाटेवर त्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं आणि त्यावर घोंगडं चौघडी करून. मी म्हटलं, "हे काय बांधून ठिवलंय?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. थोडा वेळ गेला. म्हणाले, "उंदरं लागल्याती."

मी म्हटलं, "औषध आणतो उद्या." मग मोटरीची लाईट किती वाजता येणार, बांधावरचा आंबा कुणी उतरून नेला, असं काहीतरी बोललो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी खरंच उंदराचं औषध नेऊन दिलं. त्याच पैशातनं खत आणलं.

सांगायला जीभ उचलली नाही, हे खरं कारण नाही. खरं कारण हे की चूक कबूल केली असती तर अंगणात त्या दिवशी जे उभे होते त्या सगळ्यांपुढं ती कबूल करावी लागली असती. मी कारभारी होतो. कारभारी चुकत नाही, असं मला वाटायचं. आज सांगू, उद्या सांगू, दिवाळीला सांगू, असं करता करता जुनं झालं. आणि जुनं झालं की सांगायची गरजच राहिली नाही, असं मी ठरवून टाकलं.

तात्या खोपीतच राहिले. 1995 च्या पौषात तापानं पडले तेव्हा बैलगाडीत घालून घरी आणलं. आठ दिवसांत गेले. शेवटचं पाणी मी पाजलं. तेव्हाही बोललो नाही.

गेल्या वर्षी मंडळाच्या पोरांनी टूम काढली की ऑर्केस्ट्रा पुरे झाले, जुनं नाटक करू. हायस्कूलचे एक तरुण सर बसवायला तयार झाले. अप्पांच्या कामाला कोण, म्हटल्यावर पोरं माझ्याकडं आली. "तुम्हाला अजून निम्मं पाठ असंल." होतंच. मी हुरळून हो म्हटलं. आता कोल्हापूरहून नट्या आणाव्या लागत नाहीत. मुलीचं काम करायला गावातलीच कॉलेजात शिकणारी पोरगी उभी राहिली. धीट, आवाज खणखणीत. तालमी झकास चालल्या, चोरीच्या प्रवेशापर्यंत.

तिथं ती पोरगी अडली. दोनदा, तीनदा वाक्य सुरू करायची आणि थांबायची. सर वैतागले. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला असं बोलायला मला कसंतरीच वाटतंय. नाटक असलं तरी."

सर म्हणाले, "अगं, ते तुझे खरे आजोबा आहेत का?"

मी खाली बसलो. मला घाम सुटला होता. वीस वर्षांच्या पोरीला खोट्या बापाला, लिहून दिलेलं वाक्य बोलवत नव्हतं. मला बत्तिसाव्या वर्षी खऱ्या बापाला बोलताना काही वाटलं नव्हतं, आणि माझं वाक्य तर कुणी लिहूनही दिलं नव्हतं. बीपी वाढलं असेल म्हणून सरांनी तालीम थांबवली.

घरी आलो. बायकोनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती भाकरी करत होती. तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तात्यांना ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

"पैसं घावल्यालं. म्हाळाच्या दिशी ताट घिऊन गेल्ते न्हवं, तवाच मी सांगिटलं. मला ऱ्हावंना."

मला बोलायला सुचेना. बऱ्याच वेळानं विचारलं, "काय म्हणालं?"

"काय न्हाई. म्हणालं, घावलं न्हवं? मग त्याला म्हणावं खत टाक, उसाला उशीर झालाय." तिनं जाळ मागं ओढला. "जेवलं. मग मला म्हणालं, धुतल्याली बंडी हाय का बघ. मी काढून दिली. मी निघाले तवा गाठुडं बांधत हुतं."

मी तसाच बसून राहिलो. उंदरं लागल्याती.

तात्या मला बोलवायला येणार म्हणून बसले होते. माफी मागेन म्हणून नव्हे, हे मी त्यांना ओळखून सांगतो. नुसतं "चला" म्हटलं असतं तरी उठले असते. "चला" मी आधीही म्हणालो होतो, पण तेव्हा ते चोर म्हणून घरी येणार होते. त्या दिवशी ते सुटून येणार होते. मी आलो, गाठोडं बघितलं, आणि औषध आणतो म्हणालो. माझ्या पाठीमागं त्यांनी ते गाठोडं सोडलं असणार. ते मी बघितलेलं नाही. पण गेलं वर्षभर मला तेवढंच दिसतंय.

मी बायकोला म्हटलं, "बत्तीस वर्षं मला सांगितलं न्हाईस?"

ती म्हणाली, "तुम्हीच म्हणला हुता, कुणाला बोलू नगंस."

यात्रेची रात्र आली. मंडप भरला होता. पडदे आता डिजिटल, मागं मोठ्या स्क्रीनवर मुंबईचं घर दिसत होतं, राजवाडा नव्हता. चोरीचा प्रवेश आला. पोरगी तयार झाली होती, तिनं वाक्य चोख टाकलं. आता मी बोलायचं. तिथनं पुढं दीड पान माझंच बोलणं. पाठ होतं. पण तोंड उघडेना. विंगेतनं सर पहिला शब्द देत होते, मला ऐकू येत होता. मी कोटाच्या खिशात हात घातला. चष्म्याचं घर निघालं, ते टेबलावर ठेवलं. बीपीच्या गोळ्यांची पट्टी निघाली, ती ठेवली. सुट्टे पैसे निघाले. मग दोन्ही खिसे बाहेर ओढले आणि तसेच लोंबते ठेवून आत निघून गेलो.

मंडपात एकदम शांत झालं. मग टाळ्या. विंगेत सर म्हणाले, "पार्ट गाळलात, पण काय केलंत हो!" त्यांना वाटलं, हा अभिनय आहे. समोरच्या माणसांत एक जण असा होता ज्याला कळलं. 92 साली अंगणात विळा घेऊन उभा असलेला आमचा एक गडी, आता पंचाहत्तरीचा. टाळ्या वाजवल्या नाहीत त्यानं. मान खाली घालून बसला होता.

लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. मंडळानं पाचशे एकचं बक्षीस पुकारलं. मला त्या पैशाला हात लावावा वाटेना. ज्याच्यावर आळ घेतला त्याचंच सोंग मी घेतलं, त्याचे खिसे मी उलटे केले आणि त्यावर टाळ्या मिळवल्या. चोरीच्या मालावर शाबासकी घ्यावी तसं वाटलं. नाटकात बापाची बाजू घेणं सोपं असतं. त्याला काही लागत नाही. तिथला बाप बोलतो, आणि इतकं चांगलं बोलतो की आपलं रडूनच भागतं. तात्यांचं म्हणणं मला तेव्हा विनोद वाटलं होतं. आमची म्हातारी माणसं बोलत नव्हती. वैरण तोडत होती, खिसे उलटे करत होती, गाठोडं बांधत होती. ते वाचायचं काम आमचं होतं. मी दहावी शिकलो, दोनशे पानांची नक्कल उतरवून काढली, पण ते गाठोडं मला वाचता आलं नाही.

तात्यांना सांगायची वेळ गेली. पण आक्का आहे. आळ दोघांवर होता, हे मी सोयीनं विसरलो होतो. पंधरा दिवसांनी मोटरसायकल काढली आणि तिच्या गावाला गेलो. आक्का आता सत्तरीची. दाजी कधीच गेले. सोप्यात लसूण निवडत बसली होती. मला सणाबिगर आलेला बघून घाबरली. "काय झालं? समदी बरी हाईत न्हवं?"

मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. ट्रंक, गळकं कौल, रेशनकार्डाची पिशवी, गाठोडं. पाठ केलेलं काही नव्हतं, त्यामुळं अडखळत सांगितलं. ती लसूण सोलत ऐकत राहिली. संपल्यावर कितीतरी वेळ बोलली नाही. मग विचारलं, "पैसं किती हुतं?"

"दीड हजार."

"दीड हजार?" तिनं लसूण खाली ठेवला. "मला आजपातुर वाटायचं, लई असत्याल."

एवढ्या वर्षांत तिला कुणी आकडासुद्धा सांगितला नव्हता. किती रुपयांची चोर आपल्याला ठरवलंय, हेही तिला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "आक्का, माझं चुकलं."

ती म्हणाली, "व्हय. चुकलं."

तिनं "असू दे" म्हटलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. मग उठली, आत जाता जाता म्हणाली, "जिवून जा. पिठलं टाकते." मी जेवलो. निघताना तिनं पिशवीत लसूण भरून दिला आणि विचारलं, "खोप हाय का अजून?"

म्हटलं, "हाय. पत्रा घातलाय वर."

"मग एकदा घिऊन चल मला," ती म्हणाली. "तात्या तिथं गेल्यापास्नं मी बघितली न्हाई."